अंथुर्ण्याच्या डब्यावरचं कुंकू

‘केंद्रचालकाने पूजेच्या वेळी पाणी शिंपडल्याने यंत्रात बिघाड. अँटेना बदलली. समज दिली.’

ही तीन वाक्यं माझी आहेत. छापील अर्जावर, निळ्या पेनानं, खाली माझी सही. पहिलं खोटं आहे. दुसरं खरं आहे पण त्याचा काही उपयोग नव्हता. तिसऱ्याची मला अजून लाज वाटते.

मी बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे बोअरला पाणी लागायची वाट बघत बसायचं. एरवी त्यानं फारसं अडलं नाही. या एका बाबतीत अडलं, आणि ते माझं नाही, दुसऱ्याचं.

बारामती एमआयडीसीत एका गाळ्यात आमचं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जे गेटवे बसवलेत त्यांची देखभाल आम्ही करतो. गेटवे म्हणजे शाळेच्या कंपासपेटीपेक्षा जरा मोठा डबा. गावात त्याला डबाच म्हणतात. केंद्रावर गोळा झालेलं दूध मोठ्या स्टीलच्या टाकीत गार करून ठेवतात. त्या टाकीचं तापमान डबा दर मिनिटाला वाचतो आणि आतल्या सिमवरून सर्व्हरला पाठवतो. दूध प्रकल्पातले साहेब ते स्क्रीनवर बघतात. गावाच्या नावापुढं हिरवा ठिपका म्हणजे डबा बोलतोय, लाल म्हणजे गप्प. आणि रोज संध्याकाळी एक तक्ता निघतो, दूध भरल्यावर दिवसभरातलं जास्तीत जास्त तापमान किती. साहेब तेवढाच आकडा बघतात. मिनिटामिनिटाची नोंद फक्त आमच्याकडं दिसते.

अंथुर्ण्याचं केंद्र सांभाळायला एक साठीतले गृहस्थ होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही म्हणायचो. स्वतःचा थोडा भाजीपाला, दोन म्हशी आणि अकरा वर्षं हे केंद्र. त्यांचं केंद्र इतकं स्वच्छ असायचं की मी बाहेर बूट काढायचो, जे मी दुसरीकडं कुठंच करत नाही. टाकीशेजारी खिळ्याला दोरीनं एक वही टांगलेली. टाकीवर तापमानाचा साधा काटा असतो, तो बघून तात्या दर दोन तासांनी आकडा लिहायचे. डबा आल्यापासून त्याची गरज नव्हती. मी एकदा म्हणालोही, “तात्या, आता कशाला लिहिता? डबा लिहितोय की.”

“डबा तुमच्यासाठी लिवतो,” ते म्हणाले. “वही माझ्यासाठी हाय.”

लिहिण्याआधी ते हाताची मागची बाजू टाकीला लावायचे. आधी हात, मग काटा, मग वही. हाताचा अंदाज एखाद्या अंशानं चुकायचा, त्याहून जास्त नाही.

खंडेनवमीला आपल्याकडं अवजारांची पूजा असते. विळा, खुरपं, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, ज्याचं जे असेल ते. तात्या केंद्रावर वजनकाट्याला, फॅटच्या मशीनला, टाकीला आणि डब्याला हळदकुंकू लावायचे. विड्याच्या पानानं पाण्याचे दोन थेंब. झेंडूची माळ टाकीला, आणि एक छोटी माळ डब्याच्या अँटेनाला. दोन वर्षांपूर्वीही त्यांनी हेच केलं. त्याच्या आदल्या वर्षीही केलं होतं आणि तेव्हा काहीही बिघडलं नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण त्या माळेचा मी मोबाइलवर फोटो काढला होता.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पिंपळीला होतो. पिंपळी बारामतीच्या जवळ, अंथुर्णं त्याच रस्त्यानं पुढं इंदापूर तालुक्यात. पिंपळीच्या केंद्रावर नवा डबा बसवायचा होता. सणाची घाई होती. डब्याचा सगळा प्रोग्रॅम एका मेमरी कार्डात असतो, आणि नवं कार्ड पहिल्यापासून तयार करायला दीड तास जातो, म्हणून मी लॅपटॉपवर असलेल्या अंथुर्ण्याच्या कार्डाची नक्कल काढली आणि पिंपळीच्या डब्यात घातली. असं आम्ही सर्रास करतो. फक्त नक्कल केल्यावर एक ओळ बदलायची असते, डब्याचं नाव. ती मी बदलली नाही. विसरलो. डबा लावला, टाकीचा सेन्सर जोडला, स्क्रीनवर पिंपळीचा ठिपका काही आला नाही. सिम नवीन होतं, अजून चालू झालं नसेल असं धरलं आणि दसऱ्यानंतर बघू म्हणून घरी आलो.

सिम चालू झालं होतं. पिंपळीचा डबा सर्व्हरला जाऊन सांगत होता की मी अंथुर्णं.

एका नावाचे दोन डबे आले तर सर्व्हर काय करतो हे साध्या शब्दांत सांगतो. एसटीत एकाच सीट नंबरची दोन तिकिटं गेली, तर भांडण होतं. इथं भांडण होत नाही. नंतर आलेल्याला सर्व्हर बसवतो आणि आधीच्याला उठवतो. उठलेला मागच्या दारानं परत येतो, मग तो नवा ठरतो, पहिला उठतो. दिवसभर हेच चालू. स्क्रीनवर दिसतं ते एवढंच, की अंथुर्ण्याची लाइन तुटते, जुळते, तुटते.

दसऱ्यानंतर साहेबांचा फोन आला. मी अंथुर्ण्याला गेलो. जे करायचं ते सगळं क्रमानं केलं. वीज तपासली, चार्जर बदलला, सिम काढून पुसून घातलं, सिग्नल बघितला. सिग्नल चांगला होता. डबा बंद करून चालू केला. लाइन जुळली, मिनिटभरानं तुटली. मग माझं लक्ष अँटेनाकडं गेलं. झेंडूची माळ सुकून गेलेली, आणि अँटेना जिथं डब्यात शिरते त्या सांध्यावर कुंकवाचं बोट.

“तात्या,” मी म्हणालो, “याला पण लावलं का?”

“लावलं की. का? त्येनं काय घोडं मारलंय?”

दूध घालायला आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, “तात्या, मोबाइलला बी लावत जावा. रेंज यील.”

“तुज्या तोंडाला लावतो, थांब. दुधात पानी घालायचं तर बंद हुईल.”

सगळे हसले, मीही हसलो. डबा उघडला. झाकणाच्या कडेला हळदीचा एक डाग होता. आत कोरडं होतं. अगदी कोरडं. हे मी तेव्हाच बघितलं होतं, नंतर आठवलं असं नाही. तरी अँटेना बदलली, कारण हातात काही दिसत नसलं की आम्ही काहीतरी बदलतो. लाइन जुळली. मी गाडीला किक मारली आणि जाता जाता म्हणालो, “तात्या, यंत्राला कुंकू नाही चालत बरं का.” थट्टेत म्हणालो. पण म्हणालो.

लासुर्ण्यापर्यंत आलो तर फोन. लाइन परत तुटलेली.

दुसऱ्या दिवशी प्रकरण वाढलं. त्या मार्गावरच्या टँकरमधलं दूध प्रकल्पात पोचल्यावर नासलेलं निघालं. टँकर सात-आठ गावांचं दूध एकत्र आणतो, त्यात कुणाचं खराब होतं ते कळायला मार्ग नसतो. पण साहेबांसमोर संध्याकाळचा तक्ता होता. अंथुर्णं, जास्तीत जास्त तापमान अडतीस. वर अंथुर्ण्याचीच लाइन सारखी बंद. साहेबांनी दोन आणि दोन चार केले. चालकानं टाकी बंद ठेवली आणि कळू नये म्हणून डब्याची वायर काढत राहिला.

मी पुन्हा अंथुर्ण्याला गेलो तेव्हा तात्या खुर्चीत बसले नव्हते, उभेच होते. प्रकल्पातून त्यांना फोन येऊन गेला होता.

“दूध गार हुतं,” ते म्हणाले. “मी हात लावून बघितलंय. काटा बघितलाय. हितं लिवलंय, बगा.”

त्यांनी वही खिळ्यावरून काढली. सकाळी आठ, दहा, बारा. चार, साडेतीन, चार. प्रत्येक आकड्यापुढं त्यांची बारीक सही.

“ही मी घेऊन जाऊ का?” मी विचारलं. “साहेबांना दाखवतो.”

“न्या. तुमी सांगितलं तर आयकतील. माजं कोन आयकतंय.” मग जरा थांबून म्हणाले, “पर इंजिनेर, खरं सांगा. त्या कुकवानं तर झालं नसंल ना? मी काय मुद्दाम केलं न्हाय.”

मी म्हणालो, बघतो.

ऑफिसात आलो आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मिनिटामिनिटाची नोंद उघडली. चार, चार, अडतीस, चार, अडतीस, अडतीस, चार. हजार लिटर दूध एका मिनिटात चारवरून अडतीसवर जात नाही आणि पुढच्या मिनिटाला परत चारवर येत नाही. चुलीवर ठेवलं तरी नाही. हे एका टाकीचे आकडे नव्हतेच. टँकर पिंपळीचं दूध आधी भरतो. त्यानंतर तिथली टाकी गरम पाण्यानं धुतात. अडतीस म्हणजे पिंपळीचं धुण्याचं पाणी, आणि चार म्हणजे अंथुर्ण्याचं दूध. अंथुर्ण्याचे आकडे तेवढे वेगळे काढले आणि तात्यांची वही शेजारी ठेवली. ओळीला ओळ जुळत होती.

माझ्या टेबलाच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. ‘कार्डाची नक्कल केल्यावर आधी नाव बदला.’ अक्षर माझं. दोनच महिन्यांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्यानं हीच चूक केली होती, आणि मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो होतो, “जुळी झाली तरी आईबाप नावं वेगळी ठेवतात रे.” तो खाली मान घालून बसला होता. तो कागद मी त्यानंतर लावला.

बसल्या जागेवरून पिंपळीच्या डब्याचं नाव बदलायला मला दोन मिनिटं लागली. दोन्ही ठिपके हिरवे झाले आणि तसेच राहिले. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

“काय निघालं?”

त्या वेळी माझ्या समोर वही उघडी होती. मला कुणी धमकावत नव्हतं. नोकरी जाणार होती असंही नाही. फार तर पुढच्या बैठकीत तो सहकारी माझ्याकडं बघून हसला असता. तेवढ्यासाठी मी म्हणालो, “पूजेचं पाणी गेलं होतं साहेब आत. आता चालू झालंय.”

“आणि अडतीस?”

“ते… बघावं लागेल.”

मी परत बघितलं नाही, आणि साहेबांनी परत विचारलं नाही. अहवालातही मी तेच लिहिलं आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवली.

आठवडाभरात तात्यांना केंद्रावरून काढलं. गावच्या मंडळींनी फार ताणलं नाही. प्रकल्पातून आलेला निरोप, त्यापुढं कोण बोलणार. त्यांच्या जागी गावातलीच एक सून आली. शिकलेली, कामाला चोख. साहेबांनी माझा अहवाल वाचून एक स्टिकर छापून घेतला. ‘या यंत्रावर पाणी टाकू नये. हळदकुंकू लावू नये.’ दोन तालुक्यांतल्या प्रत्येक डब्यावर तो चिकटवायचं काम माझ्याकडं आलं. मी चिकटवले. अंथुर्ण्याच्या डब्यावरही, माझ्या हातानं.

त्यानंतर अंथुर्ण्याच्या तक्रारी मी शक्य तेवढ्या त्या सहकाऱ्याच्या गळ्यात घालायचो. त्याला वाटायचं, लांब पडतं म्हणून टाळतोय. एकदा त्या रस्त्यानं जाताना तात्या एसटीच्या थांब्यावर मिरच्यांची पोती घेऊन उभे दिसले. त्यांनी हात केला. मी हॉर्न वाजवला आणि पुढं गेलो. हॉर्न का वाजवला, मला आजही सांगता येत नाही.

यंदा खंडेनवमी झाल्यावर सहकारी रजेवर होता म्हणून मलाच अंथुर्ण्याला जावं लागलं. सिमचं किरकोळ काम होतं. मी काम करत असताना ती सून दुधाच्या किटल्या मोजता मोजता म्हणाली, “यंदा बी तात्यांच्या घरात पूजा न्हाय झाली. काकू लई बोलत हुत्या.”

“का नाही झाली?”

“तुमास्नी म्हाईत न्हाय व्हय? त्यांनी पूजा केली आन् डबा बिघडला ना. तवापासनं त्ये इळ्याला सुदिक बोट लावत न्हाईत. माज्या हातानं बिघडतं म्हनत्यात. गावातली टवाळ पोरं हायतच की. तात्या, आमच्या ट्रॅक्टरकडं बगू नगा म्हनत्यात.”

मला आतापर्यंत वाटत होतं की मी त्यांचं काम घालवलं. ते वाईट होतंच. पण हे मला ठाऊक नव्हतं. मी बनवलेलं खोटं सगळ्यात जास्त त्यांनीच खरं मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकू दारात मिरच्या निवडत होत्या. मला ओळखून म्हणाल्या, “डबा बिघडला वाटतं. हितं कुनी हात लावल्याला न्हाय त्येला.”

“तात्यांकडं काम होतं, काकू.”

“बसा. च्या ठिऊ का नुसतं पानी, त्ये काम काय हाय त्ये आयकून ठरवते.”

तात्या शेतातून आले, पाय धुतले, समोर बसले. वही बघितली आणि हात पुढं करून घेतली. मी सांगायला सुरुवात केली. पिंपळीचा डबा, कार्डाची नक्कल, न बदललेलं नाव. एसटीच्या तिकिटांचं उदाहरण दिलं. त्यांनी मध्येच थांबवून दोन प्रश्न विचारले, पिंपळीची टाकी कधी धुतात आणि सर्व्हरला दोघांतला फरक कसा कळला नाही. दोन्ही प्रश्न मला त्या वेळी साहेबांनी विचारायला हवे होते. मग मी फोनवर काय बोललो ते सांगितलं. अहवालातली तीन वाक्यं जशीच्या तशी सांगितली.

“म्हंजी दूध गार हुतं,” तात्या म्हणाले.

“हो.”

“त्ये मला ठावं हुतं. वहीत हाय.” त्यांनी वहीवर हात ठेवला. “पर कुकवाचं मला ठावं न्हवतं. त्ये कशात बगणार?”

काकू निवडायचं थांबल्या होत्या.

“दोन वर्सं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरात करता का वो पूजा खंडेनवमीला?”

“करतो.”

“कशाची?”

“पक्कड, स्क्रूड्रायव्हर… लॅपटॉप.”

“लॅपटॉपला कुकू लावता?”

“लावतो.”

त्या उठून आत गेल्या. चहा आला नाही, पाणी आलं. मी प्यायलो.

मी माफी मागितली. तात्या म्हणाले, “मला सांगून काय उपेग? मी कुनाला सांगत फिरू, का इंजिनेर असं म्हनला म्हनून? लोक म्हंतील, म्हातारा दोन वर्सांनी गोष्ट घिऊन आला. उद्या सकाळी तितं या. समदी दूध घालायला येत्यात तवा.”

मी गेलो. सकाळी सातला केंद्रावर रांग असते. तात्या बाजूला कट्ट्यावर बसले होते, वही मांडीवर. मी फार लांबण लावलं नाही. म्हणालो, त्या वर्षी डबा माझ्या चुकीनं बिघडला होता, पूजेनं नाही. दूध गार होतं. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी खोटं लिहिलं.

कुणी ओरडलं नाही. रांगेतला एकजण म्हणाला, “मंग नासलं कुनाचं हुतं?”

“ते कळलं नाही.”

“म्हंजी त्ये बी तुमालाच ठावं न्हाय.”

दुसरा म्हणाला, “तात्या, तुमी उगाच गप बसला वो. भांडायचं न्हाय का?”

“कशाच्या जोरावर भांडू?” तात्या म्हणाले. “वही ह्यांच्याकडं हुती.”

एवढंच ते सगळ्यांसमोर बोलले. सुनेनं वजनकाटा थांबवला नव्हता, ती एकेकाचं दूध घेत राहिली. रांग संपल्यावर ती तात्यांना म्हणाली, “तात्या, मी सोडू का हे काम?” ते म्हणाले, “खुळी हायस का. माजं आता गुडगं दुखत्यात. तू वही तेवढी लिवत जा.” आणि वही तिच्या हातात दिली. खिळा जागेवर होता.

साहेबांना मी त्याच दिवशी लिहून पाठवलं. जुन्या नोंदींची प्रतही जोडली. त्यांनी मला बोलावून बरंच सुनावलं, ते योग्यच होतं. माझ्याकडून इंदापूर तालुका काढून घेतला. तात्यांना प्रकल्पातून एक पत्र जाईल असं ते म्हणाले. पत्र अजून गेलेलं नाही. मी दर सोमवारी विचारतो. भिंतीवरच्या कागदाखाली सहकाऱ्यानं काही लिहिलं नाही, हसलाही नाही. मी ज्याला घाबरलो होतो ते घडलंच नाही.

त्या सकाळी निघण्याआधी मी डब्यापाशी गेलो आणि स्टिकरची कड नखानं खरवडायला लागलो. चांगला डिंक होता, निघत नव्हता. तात्या मागं येऊन उभे राहिले.

“काय करता?”

“काढतो हे.”

त्यांनी चष्मा वर करून स्टिकर वाचला. बहुतेक पहिल्यांदाच वाचत असावेत.

“पान्याचं ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “पान्यानं बिघडतंच की मशीन. कुकवाचं तेवढं खोडा.”

मी खिशातलं पेन काढलं. निळंच होतं. दुसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली, मग आणखी एक, अक्षर दिसेनासं होईपर्यंत. पिंपळीच्या डब्यावरची ओळही मी परत येताना खोडली. बाकीची गावं अजून व्हायची आहेत.